महाराजांची रेघ

"ही रेघ कोणी ओढली?" सम्राटांनी विचारलं.

लेखणी हातात घेऊन ते सनदेवर वाकले होते. तळाशी त्यांच्या नावाच्या अक्षरांची गुंफण काढलेली होती. तिच्यातली एक रेघ लेखनिकाने नेहमी मोकळी सोडायची आणि ती सम्राटांनी स्वतः ओढायची, तेव्हा कुठे सनद खरी. इथे ती आधीच ओढलेली.

लेखनिक साधू आल्टमानला घाम फुटला. "महाराज, आठवडाभर दप्तरासाठी जुन्या सनदांच्या नकला करतोय. त्यांत रेघ असतेच. हात तसाच गेला."

"मग टाक खरवडून."

"खरवडलेली सनद कोण मानतं, महाराज?" मठमाता रिखलिंड म्हणाल्या. त्यांच्या मठाला ओकचं रान देणारी ही सनद. चाळीस जणींचं सरपण, डुकरांचा चारा, सगळं त्या रानावर. नवी लिहायला दुपार झाली असती आणि सम्राटांचे घोडे खोगीर चढवून दारात उभे होते. इटलीच्या स्वारीवरून ते कधी परततील, परततील की नाही, कोणाला ठाऊक?

आर्चबिशप गेरवार्ट मात्र शांत होते. बावीस वर्षं ते साम्राज्याचे चान्सलर, सनदा आणि शिक्का सांभाळणारे. त्यांना गडबडलेलं कोणी पाहिलं नव्हतं, आणि हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. त्यांनी एक कोरं चर्मपत्र पुढे ओढलं, तळाशी स्वतः अक्षरं गुंफली आणि एक रेघ सोडली.

"इथे ओढा, महाराज. मजकूर मागाहून भरतो. शिक्का माझ्याकडे आहेच."

"कोऱ्यावर? उद्या माझं सिंहासन स्वतःच्या नावावर करशील!"

"ते टोचतं, महाराज. बसून पाहिलंय मी."

सम्राट खदखदून हसले. रेघ ओढली, गेरवार्टच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर पडले. टापांचा आवाज ऱ्हाइनच्या काठाकाठाने दूर गेला.

रिखलिंड जागच्या हलल्या नाहीत. याच रानावर आर्चबिशपांच्या कॅथेड्रलनेही तीन वर्षं हक्क सांगितला होता, आणि सांगणारे गेरवार्टच होते. आता सम्राटांची रेघ असलेलं कोरं कातडं त्यांच्याच पुढ्यात होतं.

"बाबा, काय लिहिणार आता?"

"ठरलंय तेच."

"तुमचा शब्द मला पुरेल. माझ्या मुलींना पुरायचा नाही."

आल्टमान दचकला. चान्सलरांना असं तोंडावर कोणी बोलत नसे. गेरवार्ट कोऱ्या पत्राकडे पाहत राहिले. रान चांगलं होतं. खरंच फार चांगलं होतं.

मग ते खुर्चीवरून उठले.

"बसा, आई. तुम्हीच लिहा."

त्या बसल्या, बाह्या मागे सारल्या. साम्राज्याचे चान्सलर शाईचं शिंग हातात धरून शेजारी उभे राहिले, आणि लेखणी बुडवायला त्यांना सोपं जावं म्हणून जरा वाकले.