घंगाळावरचा उजेड

आई गेल्यावर श्रीगोंद्याच्या घरात भावांनी भांडी वाटून घेतली. ताईने जमिनीवरचा हक्क सही करून सोडलाच होता, त्यामुळे भांड्यांत तिचा वाटा कुणाला सुचला नाही. तिला आईचं तांब्याचं घंगाळ तेवढं हवं होतं. मागायला जीभ रेटेना. निदान चित्र न्यावं म्हणून ही चित्रकलेची शिक्षिका पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसली. खिडकीतला उजेड घंगाळाच्या पोटावरून घसरताना एका जागी अडखळत होता. तिने तसाच काढला. घंगाळ वाट्याला आलेला धाकटा चित्रात डोकावला. "ताई, हा काळा डाग कसला?" "पोचा आहे तिथं." त्याने आयुष्यात पहिल्यांदा घंगाळावर हात फिरवला. "दादा, चेपलेलं मला नको. मोडीत घालू." "मग मला द्या," ताई म्हणाली. थोरला दुखावला. "बहिणीला असलं भांडं देऊ व्हय? लोक काय म्हनतील? तुला नवी स्टीलची बादली घेतो."