अजून दोन

डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून कुकरची फुसफुस ऐकू आली. घरात तर आम्ही दोघीच! तापाने फणफणलेली मी तशीच धावले.

माझी शाल्मली स्वमग्न आहे. शिट्टीचा आवाज तिला मुळीच सोसत नाही. कुकरने वाफ धरली की हातातली पोळी टाकून मी पिठाच्या हातांनी तिचे कान झाकते.

आज गॅसपुढे तीच उभी होती.

"शालू, मागे हो!"

ती वळली, माझ्याजवळ आली आणि दोन्ही तळव्यांनी माझे कान गच्च झाकले. तिचे उघडेच राहिले. शिट्टी झाली. ती नखशिखांत थरथरली, पण हात काही काढले नाहीत.

मला हसू फुटलं. माझं डोकं हलल्याबरोबर तिने दटावलं, "आई, हलू नको. भाताला अजून दोन व्हायच्यात."