हौदाचे माप

एक तडा. त्या तड्यातून दुसरा. मोतीलाल ओव्हरसियर बोटाने मोजत निघाला आणि अकराव्याला थांबला.

गुरांचा हौद. बांधून वीस दिवस झाले होते. सकाळी भरला की संध्याकाळी रिकामा. शेजारी कपडे धुण्याचा ओटा व्हायचा होता, पण त्याआधीच सिमेंट संपलं.

वहीत: सिमेंट कमी घातले. बाकीचे चोरले. झुंबरबाई.

झुंबरबाई समोरच उभी होती. घमेली मोजून माल कालवणारी तीच.

"उद्यापासून येऊ नकोस," मोतीलाल म्हणाला.

"तुना घरना वटाले लागनं व्हई शिमिट," अभिमन मिस्तरी हसला.

"मना वटा मातीना शे. देखी या." तिने हौदाकडे हात केला. "शिमिट कमी शे ना? मंग फोडी दखाडा."

अभिमनने काठावर हातोडा घातला. कमी सिमेंटचा काठ भुगा होऊन पडला असता.

टण्.

हातोडा उसळून मागे आला. पुन्हा घातला. काठावर पांढरा ठिपका उमटला, बस्स.

अभिमनचं हसू गेलं.

"माप काय घातलंस?" मोतीलालने विचारलं.

"तुम्हीन सांगं, एक घमेलं शिमिट, दोन रेती, चार खडी." ती अडखळली. "मी शिमिट दोन टाकं. मनी म्हैस बी आठेच पानी पेस. म्हटलं, घट्ट व्हवाले पाहिजे."

चोरी नाही. दुप्पट. घट्टही झालेलं. आणि तरी

तडा. तडा. तडा.

"मग फाटलं कशानं?" मोतीलालने मिस्तरीकडे पाहिलं. मिस्तरीने हातोड्याकडे.

हौदापलीकडे अमळनेरच्या वाटेपर्यंत काळं रान. एप्रिलच्या उन्हात उललेलं. भेगेत कोपरापर्यंत हात जावा. झुंबरबाई तिकडेच बघत होती.

"नुसती काळी मातीनं भीत लिपी तं ती बी असीच फाटस," ती म्हणाली. "भलती चिकट शे ती. सुकनी का आखडस. आम्ही तेमा भुसा टाकतस."

मोतीलाल रानाकडे पाहत राहिला. मग हौदाकडे. दुप्पट सिमेंटही सुकताना असंच आखडलं होतं. वहीतली ओळ त्याने खोडली, कोरं पान काढलं आणि तिथेच उकिडवा बसला.

"एक टोपलं मातीला," पेन्सिल जिभेला लावत तो म्हणाला, "भुसा किती, अक्का?"