पिठीचा खुबा

"कपाटावरून पडली," प्रफुल्ल म्हणाला. "खर्चाचं बघू नका डॉक्टर, पण ती चालली पाहिजे."

माजिवड्याच्या त्या दवाखान्यात टेबलावर पिठी पडून होती. पांढरी, चार वर्षांची मांजर. प्रफुल्लची आई सरोज तिचं डोकं धरून उभी होती.

डॉक्टर योगिनीने एक्स-रे पाहिला. उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्यातच तुटला होता. सांधा बदलावा लागणार होता. मग तिची नजर वर सरकली. दोन बरगड्या कधीतरी मोडून परत जुळलेल्या होत्या.

तिने प्रफुल्लला फॉर्म भरायला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"काकू, ही पडलेली नाही. हिला कुणीतरी लाथ मारलीय. आणि पहिल्यांदा नाही."

सरोज मांजरीच्या कानामागे बोट फिरवत राहिली. "राग आला की त्याला भान राहत नाही. नंतर रडतो."

"तुमच्यावरही हात उचलतो?"

सरोजने पिठीच्या पायाकडे बोट केलं. "ऑपरेशननंतर चालेल ना ही?"

"चालेल. उड्यासुद्धा मारेल."

"मग त्याला मेली म्हणून सांगा."

योगिनीने हातातला एक्स-रे खाली ठेवला.

"कुणालाही द्या. आमच्या घरी नको आता."

"माझ्याकडे राहील, डोंबिवलीला," योगिनी म्हणाली आणि तिने आपलं कार्ड पुढे केलं. "हे तुमच्यासाठी. कधीही फोन करा."

"माझी पर्स बघतो तो."

कार्ड टेबलावरच राहिलं.

ऑपरेशन झालं. नवा सांधा नीट बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक आले, तेव्हा आतल्या खोलीत पिठी तो पाय टेकून बघत होती.

बाहेर येऊन योगिनी म्हणाली, "भूल सोसली नाही तिला. वाचली नाही. पुढचं सगळं आम्ही केलंय."

प्रफुल्ल मटकन बाकावर बसला. चाळिशीचा माणूस, तोंड झाकून हमसाहमशी रडायला लागला. "मीच मारलं गं आई तिला. मीच मारलं."

सरोज त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "उगी. उगी रे."

आतून मांजर ओरडली.

प्रफुल्लने मान वर केली.

"कुणाची तरी असेल," सरोज म्हणाली. तिने त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. "चल, घरी जाऊ."