काही विशेष?

सकाळी चहा टाकला की बातमीदार संध्या न चुकता फायर ब्रिगेडला फोन लावायची, “काही विशेष?” ड्युटीवरचे भालेराव म्हणायचे, “नाही मॅडम, काही विशेष नाही.” कुठे आग लागलेली असून वरून बोलायची बंदी असली, तरी तेच म्हणायचे, फक्त जरासे अडखळायचे. तेवढ्यावर ती चहा तसाच सोडून स्कूटी काढायची आणि आग विझायच्या आत पोचायची. पुढे पेपरचं ऑफिस बंद झालं, काम घरून आणि बातम्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. फोनचं कारणच राहिलं नाही. हेंद्रेपाड्यातल्या फ्लॅटमध्ये मग दिवसभर कुणी बोललंच, तर कुकर बोलायचा. गेल्या सोमवारी नोकरी गेली. तिने कुणालाच सांगितलं नाही. आज भालेरावांचाच फोन आला. “मॅडम, काही विशेष?” “नाही हो…” ती अडखळली. “काही विशेष नाही.” भालेरावांनी विचारलं, “गाडी पाठवू का?”