गोल डिश

छपरावर एक लोखंडी खांब होता, चार बोल्ट, दोन पाने, वायरीचं एक भेंडोळं आणि इंटरनेटची डिश बसवणारा माणूस. खाली शिडी धरून नवरा उभा होता. बायको घरातून बाहेर आली, डोळ्यांवर हात आडवा धरून वर बघितलं आणि म्हणाली, "ही गोल का आहे?"

"डिश गोलच असते, ताई," वरचा माणूस म्हणाला.

"आपली चपटी ठरली होती. चौकोनी."

नवरा शिडीच्या पायरीकडे बघत राहिला.

पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. तिची पद्धत साधी होती. शब्द नुसता सांगायचा नाही, रुग्णाच्या बरोबरीने म्हणायचा, अगदी एकाच क्षणी. मग त्याची जीभ तिच्या आवाजाचं बोट धरून चालायची. सुट्टीपुरतं असलेलं हे गावाबाहेरचं घर आता कायमचं होणार आणि रुग्ण पडद्यावर भेटणार, असं दोघांचं ठरलं होतं. त्या एका अटीवर तिने शहरातल्या दवाखान्यातली आपली खोली सोडली होती.

"अहो, चुकीचं खोकं दिलंय यांनी. परत पाठवू या."

"चुकीचं कसं, ताई? साहेबांनीच फोन करून बदलून घेतलंय." वरच्याने पाना फिरवला. "मी म्हटलं होतं त्यांना, आभाळ मोकळं आहे, चपटीच घ्या. नको म्हणाले. आपलं काय, सांगाल ती बसवतो."

तिने अंगणात नजर फिरवली. झाडं दोन होती, दोन्ही घरापेक्षा बुटकी.

"झाडं आड येतील असं वाटलं का तुम्हाला?"

"मला ते नीट कळलं नव्हतं," तो म्हणाला.

कळलं नव्हतं कसं? जेवणाच्या टेबलावर संत्र्याची पृथ्वी करून तिनेच त्याला समजावलं होतं. चपट्या डिशचे उपग्रह पुष्कळ, पण सालीपासून डाळीच्या दाण्याएवढ्या अंतरावर. गोल डिशवाल्या दुसऱ्या कंपनीचा एकच, तो वीतभर लांब. आवाज तिथवर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा तोच प्रवास करणार, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर. त्याने हातातला घास खाली ठेवून ऐकलं होतं. "म्हणजे लांबच्यावर पिक्चर दिसेल, पण तुझं काम होणार नाही?" "अजिबात नाही," ती म्हणाली होती. त्याने पुन्हा विचारलं होतं, "नक्की?" इतक्या वर्षांत तो तिच्या कामाबद्दल पहिल्यांदाच दोनदा काही विचारत होता. तिला बरं वाटलं होतं.

"तुम्हाला सगळं कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर खात्री करून घेतलीत."

त्याचे हात शिडीवरून सुटले.

"ओ साहेब, शिडी! माझी बायको वाट बघतेय घरी!"

त्याने शिडी पुन्हा धरली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तिथेही तू दिवसभर त्या लोकांचीच होतीस. इथे येऊन परत दार लावून बसणार. मी काय भिंतींशी गप्पा मारू?"

"हे मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

ती घरात निघून गेली. वरून वायर खिडकीतून आत आली, पाठोपाठ डिशवालाही शिडीवरून उतरून आत आला आणि कोपऱ्यातल्या डबीवर हिरवा दिवा लागला.

"सिग्नल एकदम फक्कड," तो हात पुसत म्हणाला. "पिक्चर लावा, थिएटर विसराल."

ठरल्या वेळी तिने फोन लावला. पडद्यावर तिचा रुग्ण, एक म्हातारा बसवाहक, दाढी करून, तयार होऊन बसला होता. त्याच्या खुर्चीमागे त्याची बायको. चित्र लख्ख होतं. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसत होतं.

"काका, नेहमीसारखं. माझ्याबरोबर हं. पाऽणी."

तिचा शब्द संपत आला तेव्हा त्याचा सुरू झाला. दुसऱ्या वेळी ती त्याच्यासाठी थांबली, तर तो तिच्यासाठी थांबला. तिसऱ्या वेळी दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले आणि दोघंही गप्प झाले. त्याने हात वर करून माफी मागितली. पुन्हा तोंड उघडलं. "पा... पा..." एवढंच आलं, आणि त्याने स्वतःच्या मांडीवर मूठ आपटली.

"सकाळी माझ्याबरोबर चांगले म्हणत होते हो," त्याची बायको म्हणाली. "आता काय झालंय यांना, कोण जाणे. इतक्या दिवसांचं सगळं मुसळ केरात."

"काकांचं काहीच चुकत नाहीये, काकू."

हे तिकडे पोचेपर्यंत त्याने मान खाली घातली होती.

तिने उद्या फोन करते म्हणून सांगितलं आणि पडदा बंद केला. नवरा दारात उभा होता.

"चहा टाकू?" त्याने विचारलं.

तिने संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजायचं पान उघडलं. एका मोजणीवर विसंबायचं नाही, ही तिची जुनी सवय. तिने तीनदा मोजलं. ६३८ मिलिसेकंद. ६४१. ६३८.

सरासरी ६३९.