वाटाण्याचं सूप

आमच्या फिनलंडमधल्या गावात शिकारमंडळ दरवर्षी जमीनमालकांना मूस हरणाचं सूप पाजतं. ज्यानं प्यायलं त्याच्या रानात वर्षभर बंदूक चालणार, अशी रीत. यंदा हिल्माकाकू मेजवानीला आल्या त्या घरून वाटाण्याच्या सुपाचं पातेलं घेऊनच, आणि मधल्या टेबलाशी बसून ओरपू लागल्या. "काकू, हा मंडळाचा अपमान आहे," अध्यक्ष म्हणाले. "अपमान कसला? मीठ कमी पडलंय इतकंच. माझ्या दलदलीत मूसची मादी पिल्लू घेऊन राहते. तिथं गोळी नाही." "तुमची जमीन ऐन मध्यात! सगळी हरणं तिथं उभी राहून आम्हाला वेडावतील." "वेडावू देत. तुमचा नेम बघून हसतातच." हशा पिकला. अध्यक्ष बायकोवर खेकसले, "वाढ यांना आपलं!" अध्यक्षीणबाईंनी डाव खाली ठेवला आणि रिकामा वाडगा काकूंपुढे धरला. "मलाही तुमचंच द्या. ओढ्याकाठचं रान माझ्या नावावर आहे."